साक्ष कशी वाचायची? पंडिता रमाबाई, गिरगाव चौपाटी आणि ‘आत्मिक शैथिल्य’

संशोधनाच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तुमच्या हातात एक साधन हमखास येणार आहे. त्यात लेखक स्वतःच स्वतःबद्दल वाईट बोलत असतो. मी झोपलेलो होतो, माझी श्रद्धा नावापुरती होती, देवाला मी आयुष्यात दुय्यम जागा दिली होती, आणि मग एके दिवशी डोळे उघडले, असं काहीतरी. ख्रिस्ती परंपरेत अशा लेखनाला ‘साक्ष’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी समाजावर काम करणार असाल तर अशा साक्षी टाळता येत नाहीत. आणि त्या वाचताना घसरायला दोन जागा आहेत. एक तर सगळं जसंच्या तसं खरं मानायचं, नाहीतर ‘हे धार्मिक लोक असंच लिहितात’ म्हणून बाजूला ठेवायचं. दोन्हीत इतिहास हातातून निसटतो.

आज एकच साक्ष घेऊ, पंडिता रमाबाईंची. ती घेण्याचं कारण असं की तिच्या आजूबाजूला दुसरी साधनंही भरपूर आहेत, त्यामुळे ताडून बघता येतं. आणि तिचा एक कळीचा तुकडा आपल्या गिरगाव चौपाटीवर घडलेला आहे.

‘कोमट’ म्हणजे काय

आधी शब्द समजून घेऊ. ख्रिस्ती लेखनात ‘शैथिल्य’, ‘कोमटपणा’, ‘झोप’ हे शब्द सारखे येतात. त्यामागे बायबलमधले दोन संदर्भ आहेत. पहिला हाग्गय संदेष्ट्याचा, साधारण इ.स.पू. ५२० चा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी स्वतःची घरं नीट बांधून घेतली, पण यरुशलेमचं मंदिर पडकंच राहिलं. हाग्गय त्यांना विचारतो, की तुमची घरं झाली, देवाच्या घराचं काय? दुसरा संदर्भ प्रकटीकरणाच्या पुस्तकातला. लावदिकीया इथली मंडळी ना थंड ना गरम, नुसती कोमट आहे, आणि स्वतःला मात्र संपन्न समजते, असा तिच्यावर ठपका आहे.

या दोन्ही ठिकाणी नास्तिकांवर टीका नाही, हे लक्षात घ्या. टीका आहे ती आत असलेल्यांवर, ज्यांचं बाहेरून सगळं ठीक चाललंय त्यांच्यावर. म्हणून साक्षीत ‘शैथिल्य’ हा शब्द दिसला की लगेच ‘आळस’ असा अर्थ लावू नका. रमाबाईंच्या बाबतीत तर तो अर्थ अजिबात बसत नाही.

साक्ष काय सांगते

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये वैधव्य आलं. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

आता साक्षीकडे या. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत ‘ए टेस्टिमनी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्या म्हणतात (आशय माझ्या शब्दांत), की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्म बुद्धीला पटला होता. नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी बरेच प्रश्न सोडवले होते. पण धर्माचा जो प्राण, त्याच्याशी आपली गाठ पडलेली नाही, हे त्यांना १८९१ च्या सुमारास जाणवलं. त्या काळात त्यांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचलं होतं. हे गृहस्थ कितीतरी वर्षं व्यासपीठावरून उपदेश करत होते आणि स्वतः मात्र आतून बदललेले नव्हते. रमाबाईंना त्यात स्वतःचं चित्र दिसलं.

म्हणजे साक्षीप्रमाणे १८८३ ते १८९१ ही ‘नुसत्या धर्माची’ वर्षं आणि १८९१ नंतरची ‘ख्रिस्ताची’ वर्षं. सरळ दोन तुकडे.

आता कॅलेंडर उघडा. या आठ वर्षांत नेमकं काय काय येतं?

चौपाटीवरचे वीस महिने

याच आठ वर्षांत अमेरिका येते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई तिकडे गेल्या आणि मग जवळजवळ तीन वर्षं गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या संस्थेने उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. अट एक, शाळेत धर्मप्रचार करायचा नाही.

आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. त्याच १८८९ साली चौपाटीवर विल्सन कॉलेजची आजची दगडी इमारतही उभी राहिली. तिचं मूळ १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी गिरगावात आंब्रोळी इथे काढलेल्या इंग्रजी शाळेत. तिथून थोडं आत गेलं की प्रार्थना समाजाचं मंदिर. म्हणजे पायी फिरता येईल एवढ्या परिसरात मिशनरी शिक्षण, हिंदू धर्मसुधारणा आणि एका ख्रिस्ती बाईने चालवलेली निधर्मी शाळा, असं तिन्ही होतं. रमाबाईंना या तिघांशीही जुळवून घ्यायचं होतं. मुली येणार हिंदू घरांतून, सल्लागार सुधारक मंडळींतले, पैसा बॉस्टनचा.

सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला हललं. म्हणजे चौपाटीवरचा मुक्काम जेमतेम वीस महिन्यांचा. या काळात रमाबाई आळशी होत्या, असं कोण म्हणेल? केशवपन झालेल्या मुलींना घराबाहेर काढून शिकवणं, त्यांच्या पालकांना पटवणं, परदेशात हिशोब पाठवणं, वर्तमानपत्रांना उत्तरं देणं. तरीही १९०७ च्या साक्षीत हा काळ ‘अपुऱ्या’ वर्षांत मोडतो.

इथेच तुमचा संशोधन-प्रश्न जन्माला येतो. एवढं काम करणारी बाई स्वतःच्या त्या काळाला अपुरा का म्हणते?

पहिला प्रश्न: हे कधी लिहिलं, कोणासाठी?

साक्ष १९०७ ची आहे. त्याआधी दोनच वर्षं, म्हणजे १९०५ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक संजीवन झालं होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला सत्तरेक जणींच्या प्रार्थनागटांनी सुरुवात झाली, जूनपर्यंत रोज जमणाऱ्यांची संख्या पाचशेच्या वर गेली, आणि मग पश्चात्तापाची ती लाट आली जिची बातमी जगभर गेली. वेल्समधलं १९०४ चं संजीवन आणि खासी टेकड्यांतलं १९०५ चं, याच साखळीत मुक्तीचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९०७ चा वाचक म्हणजे या बातमीने जोडलेले प्रार्थना करणारे, देणगी देणारे लोक.

त्या उंचीवरून मागे पाहिलं की १८८९ सपाट दिसणारच. साक्षीचा साचाही तसाच असतो. आधी अंधार, मग वळण, मग उजेड. उजेड जितका मोठा, तितका आधीचा अंधार गडद रंगवला जातो. हे आपल्याला नवीन नाही. तुकोबा स्वतःला पतित म्हणवतात. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातही स्वतःकडे कठोरपणे पाहणं आहे. म्हणून कोणी तुकोबांच्या अभंगांवरून त्यांच्या चारित्र्याचा पंचनामा करत नाही. भक्तीच्या भाषेत स्वतःला खाली ठेवणं हा देवाला वर ठेवण्याचा मार्ग असतो. मग रमाबाईंच्या बाबतीतच आपण शब्दशः का वाचायचं?

पण म्हणून साक्ष खोटी ठरते का? नाही. ती १९०७ सालच्या रमाबाईंबद्दलचा अस्सल पुरावा आहे. १८८९ बद्दल मात्र ती साक्षीदार आहे, दफ्तर नाही.

दुसरा प्रश्न: त्या काळातले कागद काय म्हणतात?

सुदैवाने त्या वर्षांतली पत्रं उपलब्ध आहेत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जमवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो नक्की वाचा. त्यात १८८४-८५ मधल्या रमाबाई दिसतात आणि त्या अजिबात झोपलेल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त कुठून आला, मंडळीचा अधिकार कुठे थांबतो, पुरुषांना शिकवायला बिशपांची हरकत का, भारतीय बायकांसाठीच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, अशी चिवट भांडणं त्या करतात. आज्ञापालनाचा आग्रह झाला की सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य पुढे करतात.

आता गंमत बघा. साक्ष म्हणते, ती वर्षं नुसत्या धर्माची. पत्रं म्हणतात, ती वर्षं झुंजीची. विरोध आहे का? मला वाटतं, नाही. झुंज होती ती सिद्धान्तांशी आणि अधिकाराशी. १८९१ नंतर त्या ज्याबद्दल बोलतात ते वेगळं आहे: पापक्षमेची खात्री, थेट नातं. ‘शैथिल्य’ म्हणताना त्या कष्टांचा किंवा विचारांचा अभाव सांगत नसून विसाव्याचा अभाव सांगत आहेत. दोन साधनं समोरासमोर ठेवली नसती तर हा अर्थ हाती लागला नसता. तुम्ही साक्षीवर काम करणार असाल तर हा नियम पाळा: साक्षीतल्या ‘आधी’च्या काळाचा किमान एक समकालीन कागद मिळाल्याशिवाय त्यावर परिच्छेद लिहू नका.

तिसरा प्रश्न: वळणानंतर व्यवहारात काय बदललं?

मन दिसत नाही. वेळापत्रक, जमाखर्च आणि नियमावली दिसते. ‘देवाचं काम प्रथम’ असं कोणी लिहिलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथेच विचारायचं, मग दुसऱ्या जागेवर कोण गेलं?

पुण्यात १८९१ नंतर काय बदललं ते बघा. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कोणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलत नाही. सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्यांना हे मान्य होणं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतःच्या नावावर पालकांना शब्द दिला होता. ‘केसरी’ने तर आधीपासून संशय घेतला होता. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

या घटनेच्या दोन कथा तयार आहेत. भक्तिपर चरित्रांत ही श्रद्धेची कसोटी, त्यात रमाबाई उत्तीर्ण. राष्ट्रवादी लेखनात हा विश्वासघात. तुम्ही दोन्ही बाजूला ठेवून करार वाचा. करारात धर्मस्वातंत्र्य होतं, म्हणजे हिंदू मुलीला तिच्या पूजेची मोकळीक होती. पण मग ख्रिस्ती मुख्याध्यापिकेला दार उघडं ठेवून प्रार्थना करायची मोकळीक होती का? आणि शिक्षिकेवर सर्वस्वी अवलंबून असलेली दहा-बारा वर्षांची विधवा ‘स्वतःहून’ आत येते म्हणजे काय? हा प्रश्न आजही सोपा नाही. रमाबाईंचा प्रामाणिकपणा आणि सुधारकांचा संताप, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. प्रबंधात हे लिहायला धाडस लागतं, कारण दोन्हीकडचे वाचक नाराज होतात.

आणि ज्या परत नेल्या गेल्या त्या मुलींचं काय? त्यांचं शिक्षण सुटलं. ‘देवाचं काम प्रथम’ या निर्णयाची किंमत रमाबाईंनी नुसती आपल्या खिशातून दिली नाही, काही अंशी ती या मुलींनीही दिली. पालक आणि सुधारक यांच्या निर्णयाची किंमतही त्यांनीच दिली. दुसरीकडे गोदूबाईंसारख्या सदनात राहून ख्रिस्ती न झालेल्याही आहेत. त्यांचं ‘माझे पुराण’ हे आत्मकथन सदनाकडे आतून बघतं. साक्षीच्या शेजारी ते ठेवाच.

नवी जमीन, नवा जमाखर्च

पुढचा टप्पा मला संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात बोलका वाटतो. साक्षीतच रमाबाई सांगतात, की लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिराच्या वेळी सदनातल्या पंधरा मुली ख्रिस्ती झालेल्या होत्या. एका पहाटे रानात बसून त्यांनी देवाकडे या पंधराचा वर्ग मागितला, म्हणजे दोनशे पंचवीस. त्यानंतर १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांत गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्यांना ठेवण्यावर निर्बंध आले, तेव्हा केडगावला आधीच घेतलेल्या शेतावर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. छापखाना, विणकाम, तेलघाणा, शेती, अंधांसाठी ब्रेल, सगळं तिथे चालू झालं.

आता करार आठवा. बॉस्टनची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपत आली. रमाबाईंनी शारदा सदनाची जुनी, धर्मप्रचार न करण्याची चौकट वेगळी ठेवली आणि मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभी केली. म्हणजे ‘प्रथम काय’ याचं उत्तर त्यांनी नुसतं प्रार्थनेत नाही, संस्थेच्या रचनेतही दिलं. चौपाटीवर कामाचा क्रम कराराने ठरला होता. केडगावला तो त्यांनी स्वतःच्या श्रद्धेने ठरवला, आणि त्यासाठी जागा, पैसा आणि नाव वेगळं केलं. ज्या बाईच्या दृष्टीने शैथिल्य म्हणजे दुसऱ्याच्या क्रमाने देवाचं काम करणं, तिने ते दूर कसं केलं याचा हा कागदोपत्री पुरावा.

इथे एक इशारा. ‘श्रद्धेमुळे केलं’ हे एकच कारण देऊन थांबू नका. दुष्काळात भुकेने आईवडील गमावलेली मुलगी वीस वर्षांनी दुष्काळी छावणीत जाते, यात स्मृतीचाही वाटा आहे आणि रमाबाई स्वतः तो सांगतात. पण उलटही करू नका. देवाचा भाग काढून टाकून सगळं समाजशास्त्रात बसवायला गेलात, तर लोणावळ्याच्या त्या पहाटेचं काय करायचं, हे तुम्हाला कळणार नाही. लेखकाची श्रद्धा तुमची नसेल. तरी ती त्याच्या कृतीचं कारण असू शकते, आणि कारण वगळणं हा इतिहासात दोषच.

तुमच्या वहीत

कुठलीही साक्ष घेतलीत की वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात साक्ष काय म्हणते आणि ती कधी, कोणासाठी लिहिली. दुसऱ्यात त्याच काळातलं पत्र, अहवाल, वर्तमानपत्र काय म्हणतं. तिसऱ्यात व्यवहारात काय हललं: पैसा, जागा, वेळ, माणसं, आणि त्याची झळ कोणाला लागली. तिसरा रकाना रिकामा राहिला तर बहुधा तुमच्याकडे फक्त एक सुंदर वाक्य आहे, घटना नाही.

आणि वाक्य लिहिताना काळ सांभाळा. ‘१८९१ पूर्वी रमाबाईंचं आत्मिक जीवन शिथिल होतं’ असं लिहू नका. ‘१९०७ मध्ये रमाबाईंना १८९१ पूर्वीचं आपलं आत्मिक जीवन अपुरं वाटलं’ असं लिहा. थोडे शब्द वाढतात, पण पहिल्या वाक्यात तुम्ही न्यायाधीश होता आणि दुसऱ्यात इतिहासकार राहता. मार्गदर्शकांनी विचारलं, एवढं लांब का लिहिलंस, तर चौपाटीवरच्या त्या वीस महिन्यांचा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा.